मंडळीत नाताळचा पाळणा करावा का, आणि करावा तर कसा?

निशिगंध (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमधील एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीची सभासद आहे आणि यंदा २४ डिसेंबरच्या सायंकाळच्या कार्यक्रमाची जबाबदारी महिला संघाच्या वतीने माझ्याकडे आली आहे. गेली अनेक वर्षे हा कार्यक्रम एकाच साच्यातून निघतो आहे. आधी इंग्रजी कॅरल, मग डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या मेंढपाळांचे नाटक, बाजूला कापसाचा बर्फ चिकटवलेले प्लास्टिकचे झाड आणि शेवटी केक. निफाडचा पारा कितीही खाली उतरला तरी आपल्याकडे बर्फ पडत नाही, हे मुलांनाही ठाऊक असते. तरीही दरवर्षी कापूस येतोच.

या वेळी तरुण संघाने 'मराठमोळा नाताळ' असा प्रस्ताव मांडला आहे. मुलांना फेटे, मुलींना नऊवारी, फाटकाशी ढोल-ताशा, आणि फुलांनी सजवलेल्या पालखीतून बाळ येशूची मूर्ती वेदीपर्यंत आणायची, अशी त्यांची कल्पना आहे. ज्येष्ठ सभासदांनी त्यावर दोन आक्षेप घेतले. एक, आपल्या मंडळीत मूर्तीची प्रथा नाही आणि ती या निमित्ताने सुरू होऊ नये. दुसरा, पालखी हे शेजारच्या सणाचे अनुकरण आहे. बैठक दोन तास चालली, चहा दोनदा झाला आणि अखेर पाळकसाहेबांनी 'महिला संघाने ठरवावे' असे सांगून शहाणपणाने अंग काढून घेतले.

माझ्या मनात पालखीऐवजी पाळणा आहे. आपल्याकडे घरोघरी बारशाला पाळणा म्हणतात, रामनवमीला आणि गोकुळाष्टमीलाही म्हणतात. मग ख्रिस्तजन्माच्या रात्री तो का म्हणू नये? मात्र माझ्यापुढे काही अडचणी आहेत. मराठी ख्रिस्ती घरांत अशी परंपरा खरोखर होती का, की आम्ही आता ती रचत आहोत? पाळण्यात काय ठेवायचे? आणि पाळण्यानंतर केकच वाटायचा की आणखी काही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शरणपूरचा जुना रहिवासी

माझे वय ७४ आहे आणि त्यातला बहुतेक काळ नाशिकच्या शरणपूर परिसरात गेला, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ही गोष्ट नवीन आहे असा समज आधी मनातून काढून टाकावा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची सारी कथा मराठी ओवीत रचली आणि ती १६१६ मध्ये छापली गेली. पाश्चात्त्य चाल शिकवण्यापेक्षा लोकांच्या कानावर असलेला छंद घेणे बरे, हे त्या परक्या माणसाला चारशे वर्षांपूर्वी कळले होते. पुढे नारायण वामन टिळक झाले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि त्यांनी मंडळीला अभंग, भजन, कीर्तन दिले. त्यांनी अपुरे ठेवलेले ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्या तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. आपण 'उपासना-संगीत' उघडून जी गीते म्हणतो त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत, आणि तरीही 'मराठी पद्धत आणावी का' असा प्रश्न आपल्या बैठकीत दोन तास चालतो, याची मला गंमत वाटते.

आता शरणपूरविषयी. चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस यांनी १८५० च्या दशकात ही वसाहत उभी केली. शाळा, अनाथगृह, सुतारकाम-लोहारकाम शिकवण्याची सोय, असे ते गावच होते. गुलामांची ने-आण करणाऱ्या अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे मराठी मुलांबरोबर वाढली. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेचा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या दफनाला हजर होता. हे सांगण्याचे कारण असे की इथला नाताळ पहिल्यापासून एका जातीचा, एका गावाचा किंवा एका पोशाखाचा नव्हता. पुढे नगर जिल्ह्यातून, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतून कुटुंबे आली आणि त्यांनी आपल्याबरोबर टाळ-ढोलकीची भजने आणली.

माझ्या लहानपणीचा नाताळ आवाजाने आणि वासाने लक्षात आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून घरात तळणाचा वास असे: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. आई दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेली ताटे लक्षात ठेवी आणि नाताळात तेवढ्याच घरी तेवढीच ताटे जात. केक हा बेकरीतून आणलेला एक तुकडा असे, फराळ हा सण असे. पहाटे भजनाची फेरी निघे. पुढे कंदील, मागे ढोलकी, आणि ज्याच्या दारात थांबू तिथे चहा. ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळे आजच्यासारखी सकाळी सहापर्यंत थांबण्याची अडचणही नव्हती. आजही टाळ आणि गळा एवढ्यावर फेरी काढली तर कोणाची झोपमोड फारशी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आकाशकंदील आम्ही चांदणीचाच करीत असू. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्या एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची, आणि मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. त्यामुळे चांदणीचे पोट फुगते आणि आत दिव्याला जागा होते. वरून पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो आणि घट्ट झाली तर फाटतो. वडील खळ बोटांत धरून तार काढून पाहत. तुमच्या तरुण संघाला फेटे बांधण्याऐवजी हे काम द्या.

पालखीबाबत मी ज्येष्ठांच्या बाजूचा आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. अनुकरणाला मी भीत नाही. आपले निम्मे जगणे शेजाऱ्याकडूनच आलेले असते. पण पालखी ही मानाची वस्तू आहे, आणि ही कथा उतारशाळेत जागा न मिळालेल्या मुलाची आहे. त्याला पहिल्याच रात्री ढोल-ताशात पालखीतून आणले तर कथाच उलटी होते. पाळणा चालेल.

जेलरोडकर

मी कॅथलिक असल्यामुळे आमच्याकडची पद्धत सांगतो. निर्णय अर्थातच तुमचा.

आमच्याकडे आगमनकाळाच्या चार आठवड्यांत गव्हाणीचा देखावा तयार होतो, पण गव्हाण रिकामी असते. मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव, सर्व आपापल्या जागी असतात आणि मधोमध नुसते गवत. मध्यरात्रीच्या मिस्सेच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, वेळी बाळाची मूर्ती आणून तिथे ठेवतात. मला विचाराल तर त्या मूर्तीपेक्षा आधीचे चार आठवडे रिकामे राहिलेले गवतच मुलांच्या अधिक लक्षात राहते. तुमच्या मंडळीला मूर्ती नको असेल तर पाळणा रिकामाच ठेवून हलवायला काय हरकत आहे? पाळणागीत ऐकणाऱ्याला पाळण्यात कोण आहे हे सांगावे लागत नाही.

परंपरा आणि उपासना यांची सांगड घालण्याचा विचार आमच्याकडे अधिकृत पातळीवर झालेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, भारतीय धर्माध्यक्षांनी सुचवलेल्या बारा मुद्द्यांना रोमची मान्यता मिळाली. त्यांत जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, समईसारखे तेलाचे दिवे आणि आरती यांचा समावेश होता. त्या वेळी विरोधही झाला. आज चपला बाहेर काढताना त्यावर वाद झाला होता हे कोणाला आठवतही नाही.

आणि अनुकरणाचे म्हणाल तर नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेकडे पाहावे. ही भक्ती मूळची प्रागमधली. १६२८ मध्ये तिथल्या कार्मेलाइट मठाला दान मिळालेल्या एका लहानशा मूर्तीची. पण फेब्रुवारीत नाशिकरोडला जे भरते त्याला कोणी प्रागचा उत्सव म्हणेल का? लोक नवस फेडायला येतात, मेणबत्त्यांबरोबर हार-फुले आणतात, बाहेर रेवड्या-फुटाणे, खेळणी आणि आकाशपाळणे असतात, आणि रांगेत ख्रिस्ती किती व इतर किती हे मोजायला कोणी बसत नाही. यात्रा हा शब्दच आपला आहे. त्यामुळे मूर्तीविषयीची तुमच्या ज्येष्ठांची धास्ती मला जरा जास्त वाटते, पण ती त्यांच्या परंपरेतली आहे हेही मी जाणतो.

एक व्यावहारिक सूचना अशी की आरती ठेवणार असाल तर ती कशाची आणि कोणासमोर, हे आधी ठरवा. घाईत ठरवलेल्या आरतीचे ताट ऐन वेळी प्रमुख पाहुण्यांसमोर फिरताना मी पाहिले आहे.

सिन्नरची नात

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. पण 'मराठमोळा' या शब्दावर कोणीच थांबले नाही, म्हणून लिहिते.

फेटा, नऊवारी, ढोल-ताशा, पालखी हे ज्यांच्या घरचे असेल त्यांनी ते जरूर आणावे. आमच्या घरचे ते नव्हते. नाशिक-नगर भागातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी फार मोठा भाग महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेला आहे. ज्या काळात टिळकांचे अभंग छापले जात होते त्या काळात माझ्या पणजीला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह सुरू करावा लागला, हे 'संस्कृती' या शब्दाच्या गोड उच्चाराबरोबर आठवावे असे मला वाटते. मिरवणुकीत कोण पुढे चालणार आणि कोण लांब उभे राहणार हे आमच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. त्यामुळे पालखीला विरोध करणाऱ्या तुमच्या ज्येष्ठांपैकी काहींच्या मनात मूर्तीपलीकडचेही काही असू शकेल, जे ते बैठकीत बोलणार नाहीत.

याचा अर्थ आमच्याकडे काही नव्हते असा नाही. माझी आजी पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणत असे. बाप्तिस्म्यानंतर ओव्या थांबल्या नाहीत, त्यांत नावे बदलली. तिची एक ओवी मला पाठ आहे:

पहिली माझी ओवी गं, गोठ्यातल्या गं तान्ह्याला,
कडब्याची केली शेज, थंडी वाजंना बाळाला.

बेथलेहेमला ज्वारीचा कडबा नसणार, हे आम्हांला शाळेत गेल्यावर कळले. आजीच्या दृष्टीने गोठा म्हणजे कडबा, आणि थंडी म्हणजे सिन्नरची थंडी. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका मंडळीच्या नाताळ कार्यक्रमात तिला ही ओवी म्हणायची होती. आयोजकांनी 'आजी, भाषा जरा गावठी वाटते' असे हसत सांगितले आणि तिच्या जागी आम्हां मुलींकडून इंग्रजी गीत म्हणवून घेतले, ज्यातला एकही शब्द आम्हांला कळत नव्हता. आजी काही बोलली नाही. घरी येऊन तिने फराळाचा डबा उघडला आणि सर्वांना करंज्या दिल्या. त्यानंतर मंडळीत तिने कधी गाण्याचा विषय काढला नाही.

म्हणून निशिगंधताई, परंपरा होती का हा तुमचा प्रश्न ग्रंथांपेक्षा तुमच्याच मंडळीतल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांना विचारा. त्यांना माईकसमोर उभे करून विचारू नका. करंज्या लाटायला बसवा आणि मग विचारा. हात चालू असले की ओव्या आठवतात.

पाळण्याविषयी एक सुचवते. आमच्या घरी लाकडी पाळणा नव्हताच. आढ्याला दोर बांधून जुन्या लुगड्याची झोळी करत, आणि त्यात आम्ही सर्व भावंडे वाढलो. मराठी बायबलमध्ये लूक काय म्हणतो ते पाहा: मरियेने बाळाला 'बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत' ठेवले. बाळंते म्हणजे जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा, हे ज्या घरात मूल जन्मले आहे तिथे सांगावे लागत नाही. ज्याने कोणी हे भाषांतर करताना तो शब्द निवडला, त्याने तुमचा अर्धा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवला आहे.

पंचवटीतली शेजारीण

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे तुमच्या अंतर्गत वादात बोलण्याचा मला अधिकार नाही. पण शेवटचा प्रश्न खाण्याचा होता म्हणून धाडस करते. आमच्या वाड्यात एक ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहत असे आणि नाताळच्या सकाळी त्यांचे विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट येत असे. माझी सासू ते ताट कधी रिकामे परत करीत नसे, निदान चमचाभर साखर घालूनच देई.

रामनवमीला दुपारी बारा वाजता जन्म झाला की आमच्याकडे सुंठवडा वाटतात. सुंठ, सुके खोबरे, खडीसाखर, खसखस असे त्यात असते, आणि मुळात ते बाळंतिणीला द्यायचे औषधी खाणे आहे. तुम्ही सुंठवडाच वाटलात तर पुन्हा अनुकरणाचा प्रश्न उभा राहील. त्याऐवजी डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू का करू नयेत? बाळंतिणीसाठी ते सर्व जातीधर्मांच्या घरांत होतात आणि डिसेंबरच्या थंडीत एरवीही होतातच. बाळाचे कौतुक सर्वच करतात, पण गोठ्यात बाळंत झालेल्या बाईची आठवण कोणी ठेवत नाही, असे मला दरवर्षी तुमचा देखावा पाहताना वाटते.

शरणपूरचा जुना रहिवासी

सिन्नरच्या नातीचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर टिळकांविषयी लिहिले ते खरेच आहे, पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे छापील पुस्तक होते आणि जाते नव्हते, हे मान्य करतो. माझ्या आईलाही ओव्या येत होत्या. मी त्या कधी उतरवून घेतल्या नाहीत. आता त्यांतली एकच ओळ आठवते आणि तीही अर्धी.

जेलरोडकरांना एवढेच सांगतो की रिकाम्या पाळण्याची कल्पना मला पटली. आमच्याकडे एका वर्षी मंडळीतल्या नवजात मुलालाच पाळण्यात घातले होते. ढोलकीची पहिली थाप पडताच त्याने जो टाहो फोडला तो आशीर्वादापर्यंत थांबला नाही. त्याची आई रडवेली झाली आणि पाळकसाहेबांचा उपदेश कोणालाच ऐकू आला नाही. कित्येकांना ती त्या रात्रीची जमेची बाजू वाटली, पण तो प्रयोग पुन्हा करू नये.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. काल महिला संघाची पुन्हा बैठक झाली आणि मी हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवले, म्हणून काय ठरले ते कळवते.

पालखी आणि ढोल-ताशा रद्द झाले. तरुण संघ थोडा नाराज झाला होता, पण चांदणीच्या कामट्यांचे वर्णन ऐकून दोघे-तिघे लगेच बुरुडाकडे जाऊन भाव विचारून आले. आता बारा चांदण्या करायच्या आणि प्रत्येक महिन्यात वाढदिवस असणाऱ्यांनी मिळून एक करायची, असे त्यांनीच ठरवले. खळीचा अंदाज घ्यायला शरणपूरच्या काकांनी एखाद्या शनिवारी यावे, अशी त्यांची विनंती आहे. फेटे ज्याला हवे त्याने बांधावेत, सक्ती नाही.

वेदीच्या बाजूला दोन बांबूंना आडवा बांबू बांधून लुगड्याची झोळी टांगायची आणि ती रिकामी ठेवायची, यावर आश्चर्य म्हणजे कोणाचाच आक्षेप आला नाही. मूर्तीला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्या बाईंनीच आपल्या सासूचे जुने हिरवे इरकली लुगडे देऊ केले. केक राहील, कारण मुले तो सोडणार नाहीत. पण झोळीला झोका दिल्यानंतर आधी डिंकाचे लाडू वाटले जातील. पंचवटीच्या ताईंनी २४ तारखेला अवश्य यावे, ताट रिकामे आणले तरी चालेल.

करंज्या लाटण्याचा बेत पुढच्या रविवारी उपासनेनंतर ठेवला आहे. पण काल बैठक संपल्यावर मी सहज सिन्नरची ओवी म्हणून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एक आजी, ज्या एरवी हजेरीपुरत्याच बोलतात, म्हणाल्या, 'आमच्यात दुसरी ओवी मरियेची असती.' मग त्यांनी डोळे मिटले, हाताने जात्याचा खुंटा धरल्यासारखा केला, दोन-तीन वेढे फिरवले, पण शब्द आले नाहीत. 'रविवारी पीठ समोर असलं की येईल,' असे म्हणून त्या घरी गेल्या. मी वही घेऊन बसणार आहे.